बकलम, युजर, अ‍ॅडमिन

बकलम

जुन्या खरेदीखताच्या तळाशी दोन माणसे भेटतात. एक व्यवहाराचा धनी, दुसरा लिहिणारा. धन्याला लिहिता येत नसले तर डाव्या अंगठ्याचा ठसा, शेजारी ‘निशाणी डावा अंगठा’, आणि तेवढे शब्दही त्याच्या वतीने कोणी लिहिले ते ‘दस्तुर’ म्हणून खाली. सबंध मजकूर ज्याने लिहिला त्याचे नाव आणखी वेगळे: बकलम अमुक तमुक. स्वतःच लिहिला असेल तर बकलम खुद्द. धारवाडकडे पेशवाई बुडाल्यावरही काही वर्षे कचेरीतले दप्तर मराठीत, मोडीत चालले. कन्नड आली ती नंतर. लिहिणाऱ्याची ओळ मात्र मराठीबरोबर गेली नाही. कन्नड दस्तांनी ती ठेवून घेतली आणि दस्त लिहून देणाऱ्या माणसालाच इकडे बिक्कलम् म्हणू लागले.

आता मजकूर कॉम्प्युटरवर होतो, आणि तो बडवणाऱ्या पोराचे नाव कागदावर कुठेच येत नाही. ते फाइलच्या पोटात जाते. तिथे ‘ऑथर’ नावाचा एक रकाना असतो. ही यादी त्या रकान्याच्या आसपासच्या वस्तूंची. काही गेल्या, काही निघाल्या आहेत.

कुलकर्ण्याचे अक्षर

धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे 1950 चा वतने रद्द करणारा कायदा इथेही लागला आणि 1 मे 1951 पासून कुलकर्णी हे आडनाव तेवढे उरले, काम गेले. जमिनीचा उतारा पुढेही पन्नास वर्षे हातानेच लिहिला जात होता, फक्त लिहिणारा सरकारी पगारी झाला. 2000 च्या आगेमागे कर्नाटकाने ‘भूमी’ योजनेत उतारे कॉम्प्युटरवर घेतले आणि हाताने लिहिलेल्या नकलेची किंमत संपवली. ते बरेच झाले. हातच्या उताऱ्यात एक शून्य वाढवायला फार कष्ट पडत नसत.  पण पूर्वी उतारा पाहून म्हातारे सांगायचे की हे कोणाच्या वेळचे. अक्षर पाहून. आता सगळे उतारे एकाच वेळचे.

डावीकडची आद्याक्षरे

कार्यालयीन पत्राच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, मजकूर सांगणाऱ्याची आद्याक्षरे इंग्रजी मोठ्या लिपीत, मग तिरपी रेघ, मग टाइप करणाऱ्याची छोट्या लिपीत. विद्यापीठाच्या, बँकांच्या, वकिलांच्या पत्रांवर ती हटकून असत. मोठी लिपी साहेबाला, छोटी टायपिस्टला. दर्जा त्यात होताच, पण नोंदही होती. पत्रात चूक निघाली तर कोणाला हाक मारायची ते ठाऊक असे. गोदरेजने 1955 साली देशी टाइपरायटर काढला आणि 2009 मध्ये तो करणे थांबवले. यंत्र थांबण्याआधीच ही रेघ गेली होती. साहेब स्वतः टाइप करू लागले, निदान तसे दाखवू लागले.

मुद्रक

पुस्तकाच्या आतल्या पानावर तळाला ‘मुद्रक’ अशी ओळ असते. ती सौजन्य म्हणून नव्हती. 1867 च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर छापणाऱ्याचे नाव आणि छापल्याचे ठिकाण घालणे बंधनकारक होते. इंग्रजांना राजद्रोही मजकुरामागचा छापखाना हुडकायचा होता, हा त्यातला एक लोभ. पोलिसांच्या सोयीने का होईना, खिळे जुळवणाऱ्यांच्या गल्लीबोळांचे पत्ते त्यामुळे टिकले. धारवाडचे सुभाष रस्त्यावरचे मनोहर ग्रंथमाला हे 1933 पासूनचे प्रकाशन माळ्यावरून चालले, कन्नडात त्या माळ्यालाच ‘अट्ट’ म्हणून नाव झाले. गिरीश कर्नाडांचे ‘ययाती’ त्या माळ्यावरून बाहेर पडले. अशा पुस्तकाचे पहिले पान नीट वाचले की गावाचा नकाशा हाती लागतो.

1 मार्च 2024 पासून जुन्या कायद्याच्या जागी नवा आला. तो फक्त नियतकालिकांपुरता आहे. पुस्तके त्यातून वगळली आहेत. म्हणजे मुद्रकाचे नाव घालण्याची सक्ती आता राहिलेली नाही. प्रकाशक सवयीने घालतात. सवय किती दिवस टिकते ते बघायचे.

त्या पानावरची तारीख किती जड असू शकते हे धारवाडला ठाऊक आहे. इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जी. ए. कुलकर्णींच्या ‘काजळमाया’ला 1973 चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला आणि जी.एंनी पुरस्कार परत करून टाकला.

‘नाव’ आणि ‘संस्था’

2001 मध्ये आलेले विंडोज एक्सपी बसवताना मध्येच एक खिडकी यायची. तिच्यात दोन रकाने: तुमचे नाव, तुमची संस्था. पहिला भरल्याशिवाय पुढे जाता येत नसे. तेव्हा इकडे बहुतेक कॉम्प्युटर सुटे भाग जोडून बनत, हुबळीच्या कोप्पीकर रस्त्यावरून धारवाडला, बेळगावच्या वाटेवरच्या गावांना जात. जोडणाऱ्याला गिऱ्हाइकाचे नाव माहीत असायचे कारण नव्हते. एका दुपारी चार यंत्रे उभी करायची तर तो ‘एबीसी’ लिहायचा, किंवा ‘पीसी’, किंवा ‘युजर’, किंवा आपल्या दुकानाचे नाव. पुढे वर्ड बसवले की ते तेच नाव उचलायचे आणि त्या यंत्रावर तयार होणाऱ्या प्रत्येक फाइलवर मुकाट्याने ठोकायचे.

त्यामुळे कर्नाटक विद्यापीठाच्या आसपास टाइप झालेल्या कितीतरी प्रबंधांचा, देवस्थानांच्या हिशेबांचा, राजीनाम्यांचा आणि प्रेमपत्रांचा लेखक एकच आहे. युजर. त्याच्या खालोखाल अ‍ॅडमिन. तिसऱ्या नंबराला दुकानात तयार मिळालेल्या लॅपटॉपच्या कंपन्या. एवढे विपुल आणि एवढ्या विषयांवर लिहिणारा लेखक दुसरा झाला नाही, आणि त्याच्यावर कोणी प्रबंध लिहिला नाही. लिहिला तर तोही त्याच्याच नावावर जाईल.

हा रकाना आता जवळजवळ गेला. नवे विंडोज नाव विचारत नाही, ईमेल विचारते, आणि नाव तिथून घेते.

सेव्ह अ‍ॅज

धारवाडात सप्तापुरात, जिथे स्पर्धापरीक्षांच्या क्लासेसमुळे खोल्या भाड्याने देणे हा घराघराचा धंदा झाला, तिथल्या झेरॉक्सच्या दुकानात अकरा महिन्यांचा भाडेकरार चहा होईपर्यंत मिळतो. ऑपरेटर नवी फाइल उघडतच नाही. कालची उघडतो, घरमालकाचे नाव बदलतो, भाडेकरूचे बदलतो, रक्कम, तारीख, की एफ-बारा दाबून वेगळ्या नावाने ठेवतो. परवाच्या भाडेकरूचे गाव सातव्या कलमात राहून जाते ते घरी गेल्यावर कळते. कालची फाइल परवाच्या फाइलवरून, परवाची गेल्या महिन्याच्या. सगळ्यांची मूळ फाइल एकच, कोणीतरी कधीतरी शांतपणे बसून, कलमे विचार करून, ठिपके मोजून केलेली.

वर्डचा नियम असा की ‘सेव्ह अ‍ॅज’ केले तरी ऑथर बदलत नाही. शेवटचे कोणी ठेवले ते वेगळ्या रकान्यात येते. ऑथर तोच, पहिला. मला असे करार ईमेलने येतात तेव्हा मी भाड्याच्या आधी तो रकाना बघतो. वाईट खोड आहे, पण आहे. एका करारात युजर नव्हता, अ‍ॅडमिन नव्हता. पहिले नाव आणि पुढे वडिलांच्या नावाचे इंग्रजी आद्याक्षर, असे या भागातले सरळ माणसाचे नाव होते. त्याच दुकानातून आलेल्या इतर करारांतही तेच. तिथल्या ऑपरेटरला विचारले, कोण हे?

“ठाऊक नाही बघा सर. मी यायच्या आधीपास्नं आहे ते.” मग मान वळवून, कन्नडात, “हेसरु बदली माडलेन्री?”

नाव बदलू का म्हणून विचारत होता. मी नको म्हटले. त्या माणसाने लिहिलेल्या कलमांवर सप्तापुरात किती पोरे राहिली असतील, आणि अनामत परत मिळण्याबाबतचे कलम त्याने फार चांगले लिहिले आहे; पंधरा दिवसांची मुदत, रंगाचा खर्च वेगळा. त्याला यातले काही माहीत नाही, त्याची परवानगीही कोणी घेतलेली नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे आणि माझे त्यावर अजून ठरलेले नाही.

दहा नावे

जुन्या डॉट-डॉक फाइलीत ऑथर एकटा नसे. फाइल शेवटच्या दहा वेळा कोणी आणि कुठल्या फोल्डरात ठेवली ते तिच्या पोटात राहायचे, वर काही दिसत नसे. फेब्रुवारी 2003 मध्ये इराकबद्दलचे एक टिपण ब्रिटिश पंतप्रधानांच्या कार्यालयाने वर्डच्या फाइलीतच लोकांसमोर ठेवले. कोणीतरी पोट उघडून पाहिले तर ज्या सरकारी माणसांनी ती फाइल हाताळली त्यांची नावे ओळीने निघाली. मजकुराचा मोठा भाग एका विद्यार्थ्याच्या लेखातून उचललेला होता ही त्याहून मोठी गोष्ट, पण नावांनी नाचक्की पुरी केली. त्यानंतर शहाणी कार्यालये पीडीएफ पाठवू लागली, आणि वर्डमध्ये नावे पुसायचे बटण आले. ते दाबले की लेखक, शेवटचा हात, कंपनी, सगळे एका फटक्यात जाते. 2008 मध्ये धारवाडला उच्च न्यायालयाचे फिरते पीठ आले, 2013 मध्ये ते कायम झाले. त्याबरोबर वाढलेल्या टायपिंगच्या धंद्यात हे बटण कोणी दाबत असेल असे वाटत नाही. तिथे वेळ मोलाचा, गुप्तता वकिलाच्या डोक्यात.

प्रश्नचिन्हे

नोटपॅडमध्ये मराठी लिहून नुसते सेव्ह केले की दुसऱ्या दिवशी फाइलीत प्रश्नचिन्हे. ओळीच्या ओळी, अक्षरामागे एक. कारण साधे: नोटपॅड मुळात फाइल ‘आन्सी’ पद्धतीने ठेवायचे, आणि तिच्यात देवनागरीला घरच नव्हते, कन्नडलाही नव्हते. ते इशारा द्यायचे, पण इंग्रजीत, आणि ‘ओके’ दाबणे हा आपला राष्ट्रीय प्रतिसाद. खालच्या छोट्या यादीतून ‘यूटीएफ-आठ’ निवडले की काम व्हायचे. 2019 च्या विंडोज दहाच्या आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-आठ वापरते. प्रश्नचिन्हे संपली. हे एक नाहीसे होणे मला मनापासून आवडले.

वर्डपॅड

विंडोज 95 बरोबर आले. तेव्हाचे नोटपॅड 64 किलोबाइटच्या पुढची फाइल उचलत नसे आणि विचारायचे, वर्डपॅडमध्ये उघडू का? धाकट्याने ओझे थोरल्याकडे द्यावे तसे. ज्या दुकानांत वर्ड नव्हते, किंवा होते आणि त्याची मुदत संपल्याची लाल पट्टी वर लोंबत होती, तिथे अर्ज वर्डपॅडमध्येच होत. सप्टेंबर 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने ते सोडून देत असल्याचे जाहीर केले; 2024 च्या विंडोज अकराच्या आवृत्तीतून ते काढून टाकले. वर्डपॅडमध्ये लेखकाचे नाव भरायला कुठेही जागा नव्हती. त्याची कोणाला अडचण झाली नाही.

नुडी, बरह, श्रीलिपी

धारवाडच्या मराठी घरांतल्या लग्नपत्रिका दोन भाषांत असत, अजून असतात. एका बाजूला कन्नड, एका बाजूला मराठी, कारण वऱ्हाड अर्धे हल्याळ-खानापूरचे आणि अर्धे गदगकडचे. कन्नड नुडीत, कर्नाटक सरकारने पुढे केलेल्या, के. पी. रावांच्या कळपाटीवर. मराठीसाठी पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी असली तर ठीक. नसली तर 1998 पासूनचे बरह होते, त्यात देवनागरीही निघायची. इंग्रजी कळांनी कन्नड टाइप करणारा मुलगा त्याच कळांनी मराठी टाइप करायचा, मराठी न वाचता. ‘ऱ्या’चा रफार व्हायचा. ‘येणार्या पाहुण्यांचे’ असे छापलेली पत्रिका कोणाच्याच घरी परत आली नाही.

या फाँटांची अक्षरे खरी अक्षरे नव्हती. रोमन अक्षरांना घातलेले देवनागरी अंगरखे होते. फाइल दुसऱ्या यंत्रावर गेली, तिथे तो फाँट नसला, की अंगरखा गळायचा आणि आत नुसता रोमन पाला दिसायचा. या पत्रिका ज्या पेजमेकरमध्ये जुळवत त्याची शेवटची आवृत्ती 2001 ची. युनिकोड तिला कधी आले नाही. ज्यांच्या वीस वर्षांच्या पत्रिका, स्मरणिका, संस्थांची घटना-पुस्तके त्यात आहेत ते अजून एक जुने यंत्र बाजूला ठेवतात, इंटरनेट न जोडता. ते बंद पडले की त्या फाइली असून नसल्यासारख्या. ऑथरचा रकाना असला तर तेवढा वाचता येईल, कारण तो इंग्रजीत असतो.

निळा पडदा

हुबळीचे बी.व्ही.बी. 1947 चे, धारवाडचे एस.डी.एम. 1979 चे. दोन्ही अभियांत्रिकी कॉलेजांच्या, आणि देशभरातल्या जवळपास सगळ्यांच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे टर्बो सीचा निळा पडदा होता, पिवळी अक्षरे, वर राखाडी पट्टी. लिहायचे त्यातच, चालवायचे त्यातच. दुसरा एडिटर असतो हे पुढे नोकरीत कळायचे. प्रोग्रामच्या डोक्यावर तिरप्या रेघा-फुल्यांमध्ये स्वतःचे नाव आणि विद्यापीठाचा आसनक्रमांक लिहायचा. बी.व्ही.बी.चा ‘टू बीव्ही’ने सुरू होई, एस.डी.एम.चा ‘टू एसडी’ने. शेजाऱ्याचा प्रोग्राम उचलणारा पहिल्यांदा ती ओळ बदलायचा, आणि घाईत शेवटचे दोन आकडे राहून जायचे. 64 बिटांच्या विंडोजने सोळा बिटांचे कार्यक्रम चालवणे सोडले तेव्हा निळा पडदा डॉसबॉक्सच्या चौकटीत घालून आणखी काही वर्षे जगवला. बी.व्ही.बी. 2015 मध्ये स्वतःच विद्यापीठ झाले. जुना आसनक्रमांक तिथल्या नव्या मुलांना लागत नाही.

आता नाव लिहायच्या त्या ओळीच्या जागी गिट आहे, प्रोग्राममधले बदल नोंदवून ठेवणारे. लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते लिहिले. लिनक्समध्ये बदल एक माणूस लिहून ईमेलने पाठवतो आणि दुसरा तो आत घेतो, म्हणून गिट प्रत्येक नोंदीत दोन नावे ठेवते: ज्याने लिहिले तो ऑथर, ज्याने नोंदवले तो कमिटर. दोन्ही एकच असली तरी दोनदा. सरकारी कागदांनी, वकिलांनी जी रीत सोडली ती नेमकी इथे शाबूत आहे.

प्रयोगशाळेतल्या सामाईक यंत्रावर अर्थात पहिल्या मुलाने एकदा नाव भरले की पुढच्या सगळ्यांचे काम त्याच्या नावावर जमा होते. आणि नोंदीचा संदेश लिहायला डीफॉल्ट म्हणून समोर विम नावाचा एडिटर येतो. त्यातून बाहेर कसे पडायचे ते कोणी शिकवलेले नसते. मुले खिडकीच बंद करतात. एक ओळ लिहिली की विमच्या जागी नोटपॅड बसते, एक ओळ लिहिली की नावही बदलते. दोन्ही ओळी बहुतेकांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कोणीतरी दाखवते.

एकूण वेळ

वर्डच्या फाइलीत ‘एकूण संपादनाचा वेळ’ मिनिटांत असतो. प्रबंध म्हणून आलेल्या फाइलीत तो चार मिनिटे असला तर मार्गदर्शकाने पुढे वाचायचे की नाही हे त्याचे त्याने ठरवावे. हा रकाना अजून आहे. बघणारे नाहीत.

नाव बदलण्याची रीत

वर्डमध्ये फाइल, मग ऑप्शन्स, मग जनरल. तिथे ‘युजर नेम’ आणि ‘इनिशियल्स’. त्यांच्या खाली एक चौकोन: कोणत्याही खात्याने आत आलात तरी हेच नाव वापरा. तो टिचकीने भरला नाही तर पुन्हा ईमेलमधलेच नाव येते, आणि लोकांना वाटते बदललेच नाही. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, युजर डेटा. तिथे पत्ता, फोन, हुद्दाही विचारतात, कोणी भरत नाही. हे सगळे नव्या फाइलींपुरते. जुन्या फाइलीचे नाव बदलायचे तर ती एकेक उघडून, ‘इन्फो’मध्ये जाऊन, ऑथरच्या नावावर उजवी टिचकी मारून.

टेक्स्टच्या फाइली नोटपॅडऐवजी दुसऱ्या कशात उघडायच्या तर फाइलीवर उजवी टिचकी, ‘ओपन विथ’, हवा तो एडिटर, आणि खाली ‘ऑल्वेज’. पूर्वी नवा एडिटर बसवला की तो स्वतःच गादी बळकवायचा. विंडोज आठपासून ती मुभा कार्यक्रमांकडून काढून घेतली. टिचकी माणसानेच मारायची. आरटीएफला वेगळी टिचकी, टेक्स्टला वेगळी, सीएसव्हीला वेगळी.

आणि एवढे सगळे करून, ऑथरमध्ये आपले खरे नाव घालून, करार गिऱ्हाइकाला पाठवताना ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ने काढला की पीडीएफमध्ये ऑथर म्हणून येते ते वर्डमधले नाव नव्हे. विंडोजच्या खात्याचे. ते खाते दुकान सुरू झाले तेव्हाचे असते. नवे काढता येते, पण डेस्कटॉपवरची फोल्डरे जुन्या खात्यात राहतात, प्रिंटर पुन्हा जोडावा लागतो, नुडी पुन्हा बसवावे लागते, आणि काउंटरपलीकडे तीन माणसे आधार कार्डाची झेरॉक्स मागत उभी असतात.